फूल आलं की भाजी सरली

ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मी फोडशी निवडत होते आणि त्यातली दोन पानं मला पटली नाहीत.

का पटली नाहीत, ते लगेच सांगता आलं नसतं. फोडशी म्हणजे पावसाळ्यात डोंगराच्या उतारावर आपोआप उगवणारी रानभाजी. पानं लांब, गवताच्या पात्याहून जरा रुंद, बुडाशी पांढरी. ढिगातली सगळी तशीच होती आणि ही दोनही तशीच होती. पण यांचा हिरवा किंचित निळ्याकडे झुकलेला वाटला, आणि पाठीवरून बोट फिरवलं तर मधली जाड शीर लागेना. मी ती बाजूला काढली. मग स्वतःवरच चिडून परत ढिगात टाकली. मग परत शोधायला बसले, तेव्हा तसली तीन निघाली.

माझा स्वभावच असा आहे. त्यात कामाचाही हात आहे. पावणे गावातल्या एका रंगाच्या कारखान्यात मी शेड जुळवते. नव्या बॅचचा रंग लावलेला पत्रा आणि नमुन्याचा पत्रा दिव्याखाली शेजारी धरायचे आणि दोघांत फरक आहे का ते सांगायचं. फरक असतोच. गिऱ्हाइकाला दिसेल इतका आहे का, एवढाच प्रश्न. त्यातून पांढरा सगळ्यात छळतो. लोकांना वाटतं पांढरा म्हणजे पांढरा; मला पांढऱ्यातला पिवळा, पांढऱ्यातला राखाडी असे सगळे दिसतात आणि दिसले की चैन पडत नाही. लग्नाला गेले तरी मी अक्षता हातात धरून हॉलच्या दोन भिंतींकडे बघत असते. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी होतीच, आता डोळ्यांनाही लागली.

रानफुलांच्या नादाला मी लागले तीही या पांढऱ्यापायीच. खारघरच्या डोंगरावर एका रविवारी कोणीतरी एक फूल दाखवून म्हणालं, ही रानटी लिली. थोडं वर चढल्यावर दुसऱ्याच एका पांढऱ्या फुलाला त्यानं तेच नाव दिलं. मला ते झोंबलं. आमच्याकडे कोणी असं केलं असतं तर अख्खी बॅच परत आली असती. त्यानंतर दर पावसाळ्यात रविवारी मी डोंगरावर, गुडघे चिखलात टेकून, एकेका फुलाच्या तोंडाशी. एका जातीच्या फुलात मधोमध पातळ पांढरी वाटी असते आणि केसर त्या वाटीच्या काठावर उभे असतात. सोसायट्यांच्या बागांत लावतात त्या परदेशी लिलीलाही अशीच वाटी, पण तिच्या पाकळ्या कोळ्याच्या पायांसारख्या लोंबतात आणि एका दांड्यावर घोसच्या घोस लागतात. गडांबी कांदा म्हणतात त्या जातीला वाटीच नसते, केसर सुटे असतात आणि पाकळीमधून गुलाबी रेघ जाते. फोडशीही पूर्वी याच गोतावळ्यात मोजायचे. तिचं फूल मात्र अगदी चिमुकलं, उभ्या दांड्यावर ओळीनं लागलेल्या सहा पाकळ्यांच्या चांदण्या. फूल असेल तर मी यातलं कुठलंही झोपेत सांगेन.

पण भाजी फुलांची करत नाहीत, पानांची करतात. आणि पानांच्या वेळी ही सगळी मंडळी एकाच शाळेच्या गणवेशात उभी असल्यासारखी दिसतात.

भाजी आणली होती सासूबाईंनी. आम्ही बोनकोड्यात राहतो, गावठाणात, जुन्या घराच्या जागेवर उभ्या राहिलेल्या आमच्याच इमारतीत. वर आम्ही, खाली धाकटा दीर आणि जाऊ. आई, म्हणजे सासूबाई, आमच्याकडे. शेतं गेली, मिठागरं गेली, पण पावसाळा लागला की आईंना घरात बसवत नाही. सकाळी मी स्कूटीवरून कामाला निघाले की त्या मागे बसायच्या, पदर खोचून, मांडीवर कापडी पिशवी. पावण्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी मी त्यांना सोडायची, आणि दुपारी नात्यातला एक रिक्षावाला त्यांना परत आणायचा. मग त्या सगळी भाजी दोन जुड्यांत, तीन जुड्यांत बांधून इमारतीत वाटायच्या. मालकीण म्हणून त्या घरात उरल्या होत्या त्या एवढ्याच बाबतीत. भाडेकरूंचं नवरा बघतो, बँकेचं दीर बघतो, स्वयंपाकाचं आम्ही दोघी. फोडशी मात्र आईंची.

मी साताऱ्याकडची. आमच्या घरी ही भाजी नव्हती, म्हणून लग्नानंतर पहिल्यांदा ताटात बघून मी ती बाजूला सारली होती. "घाटावं गवत खात नायत वाटतं," आई तेव्हा म्हणाल्या होत्या, आणि अजून पाहुणे आले की ते सांगतात. मी चिडते, ते त्यांना आवडतं.

एकदा मी त्यांना मोबाइलवर फोडशीच्या फुलाचा फोटो दाखवला. मोठ्या कौतुकानं, मीच काढलेला. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"ह्ये कोनचं?"

"आई, फोडशीचं. तुमच्या भाजीचं."

"फोडशीला फूल येतं?" त्या हसल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "येत असंल. फूल आयलं का भाजी सरली, असं आमची आय बोलायची. फूल येय तवा आवनी असं. भात लावाचा का फुला बगाला डोंगरावं जावाचं?"

मी त्या दिवशी कारखान्यात जाईपर्यंत हेच घोळवत होते. त्यांना ते झाड फूल येईपर्यंतच माहीत होतं आणि मला फूल आल्यानंतरच. एकाच झाडाची दोन आयुष्यं आम्ही दोघींनी वाटून घेतली होती आणि मधे आवणी, म्हणजे भाताची लावणी, होती. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती. ओट्यावर ती तीन पानं बघताना गंमत वाटेना. कारण डोंगरावरच्या या लिल्यांतल्या कांदा असलेल्या बऱ्याच जाती पोटात गेल्या तर उलट्या करवतात, एखादी त्याहून वाईट.

मी आईंना न सांगता पानं कचऱ्यात टाकली आणि पुढच्या वेळेपासून नवा उद्योग सुरू केला. संध्याकाळी घरी आले की चहाच्या आधी जुड्या सोडायच्या, पानं पालथी करायची, शीर बोटानं तपासायची, संशयित बाहेर. आई विचारायच्या, "काय बगतंस?" मी म्हणायची, अळी असते. कधी एकही पान निघायचं नाही आणि मला ते जास्त त्रास द्यायचं. निघालं नाही की मला दिसलं नाही? रात्रीच्या जेवणाला दीर आणि जाऊही वरच असायचे. सगळे जेवत असताना मी एकेकाच्या तोंडाकडे बघायची. नवऱ्यानं एकदा विचारलं, मीठ जास्त झालंय का.

मग एका शनिवारी कारखान्यात गिऱ्हाइकाची घाईची बॅच होती आणि मी अडकले. आई लवकर परतल्या, जुड्या बांधल्या आणि मी यायच्या आत वाटूनही टाकल्या. हे मला त्यांच्याच फोनवरून कळलं; धाकलीला मोठी जुडी दिली म्हणाल्या, ती खूश झाली. माझ्या हातात दोन पांढरे पत्रे होते. मी ते खाली ठेवले आणि जावेला फोन लावला.

"भाजी केलीस का गं?"

"केली पन आनि खाल्ली पन," जाऊ म्हणाली. "तुमी कशाला टेन्शन घेता, ताई? तुमच्या वाटची ठेवली आहे."

"खाऊ नकोस आणखी. कोणालाच देऊ नकोस."

"का?"

का, ते फोनवर कसं सांगायचं? मी म्हटलं, येते. बॅच तशीच सोडली, साहेबांची बोलणी खाल्ली आणि स्कूटी काढली. सिग्नलला पाय टेकवत नव्हते मी, स्कूटी नुसती डुगडुगत होती.

घरी पोहोचले तेव्हा जाऊ टीव्ही बघत होती. मला बघून हसली. भाडेकरूंच्या जुड्या अजून तशाच होत्या, त्या मी अळी आहे सांगून परत घेतल्या. संध्याकाळी मात्र तिला उलट्या सुरू झाल्या आणि थांबेनात. सेक्टरमधल्या डॉक्टरांकडे नेलं, सलाइन लावलं. त्यांनी विचारलं, काय खाल्लं होतं? तिनं आदल्या दिवशीची शेवपुरी सांगितली, फोडशी सांगितली, फ्रीजमधली कालची कोळंबी सांगितली. डॉक्टर म्हणाले, यातलं काहीही असेल. सगळ्यांना ते पटलं. मला काहीही असेल हे वाक्य कधीच पटत नाही.

मी तिच्या स्वयंपाकघरात गेले आणि कचऱ्याचा डबा उपसला. निवडताना तोडून टाकलेली पांढरी बुडखी तिथंच होती. एकेक धुऊन मी नळाखाली पालथी केली. बहुतेकांना पाठीवर शिरेचा कणा होता. काहींना नव्हता. ती सपाट होती, मोडली तर बोटाला चिकट लागत होती. डब्यापाशी उकिडवी बसलेली मी दिराला दिसले आणि त्यानं दार लोटून घेतलं.

जाऊ दुसऱ्या दिवशी घरी आली, थकलेली पण ठणठणीत. घरात बैठक बसली. म्हणजे नवरा आणि दीर सोफ्यावर, आई खुर्चीत, मी दारात उभी, कारण मला बसवेना. फोडशीवर संशय आहे एवढं मी सांगितलं होतं, आणि निकाल नवऱ्यानं आधीच लावून टाकला होता.

"आईचे डोळे आता पयलेसारखे राहिले नाहीत," तो म्हणाला. "वय झालं. बस झालं डोंगर."

"माजं डोलं धड हायत," आई म्हणाल्या.

खरं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्या सुईत दोरा स्वतः ओवतात. दुधावर साय कुठून फाटली तेही त्यांना माझ्या आधी दिसतं. पण सगळ्यांच्या दृष्टीनं हे बरं होतं. वय झालं म्हटलं की कोणाची चूक राहत नाही. मलाही गप्प बसता आलं असतं. नवऱ्यानं नंतर मला तेच ऐकवलं, नसती उठाठेव करायची हौस तुलाच, असंही ऐकवलं. पण डोळे धड असताना डोळ्यांवर खापर फोडलेलं मला बघवेना. आणि दुसरं म्हणजे, चूक नेमकी कशी झाली हे मला कळलं नव्हतं, आणि कळल्याशिवाय मी जगाच्या पाठीवर कुठेही स्वस्थ बसू शकत नाही.

पुढच्या रविवारी मी आईंना म्हटलं, चला, देवळात जाऊन येऊ. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कापडी पिशवी घेतली.

डोंगर हिरवागार झाला होता. खाली कारखान्यांचे पत्रे, त्यापलीकडे खाडी. आई भराभर चढल्या, मी धापा टाकत मागे. एका उतारावर त्या थांबल्या आणि वाकून खुडायला लागल्या. मी बघत होते. हात न थांबता चालला होता. हे घे, ते घे, एकाही पानाला दुसऱ्यांदा बघणं नाही. मी इतकी वर्षं पत्रे बघते, पण इतक्या खात्रीनं मी एकदाही हो म्हटलेलं नाही.

"आई, हे उपटून बघू?"

"उपटू नको गो. फुडल्या वर्साला काय खाशील?"

फोडशी उपटायची नसते, जमिनीलगत खुडायची असते, म्हणजे ती परत येते. ही त्यांच्या घरची शिस्त. आणि नेमका फरक जमिनीच्या खाली असतो. खात्री करायची तर झाड मारावं लागतं. मी बोटं घालून एक रोप उपटलं. त्याला बोटांसारख्या लांब मुळांचा झुपका होता. ती फोडशी. मग ज्याचं पान मला निळसर वाटत होतं ते शेजारचं उपटलं. ते जड लागलं. मातीतून गोल, पापुद्र्यांचा कांदा बाहेर आला.

मी दोन्ही आईंच्या हातात दिली. त्यांनी आधी मुळांचा झुपका चाचपला. मग कांद्यावरची माती अंगठ्यानं पुसली, आणि परत पुसली.

"कांदा हाय यो," त्या म्हणाल्या. त्यांनी वळून सगळा उतार बघितला. मग, "जासईला कांदा नवता."

जासई म्हणजे त्यांचं माहेर. तिथल्या घरामागच्या उतारावर त्या आईबरोबर फोडशी खुडायला शिकल्या, आणि लग्नानंतरही दर पावसाळ्यात तिकडेच जायच्या. त्या उतारावर असलं पान म्हणजे फोडशीच, दुसरं काही उगवतच नव्हतं. तिथे फोडशी कशापासून वेगळी ओळखायची हा प्रश्नच कोणाला पडला नाही. मग तो उतार कापला गेला, सपाट झाला आणि आता तिथे कंटेनर उभे असतात. आई या डोंगरावर यायला लागल्या. पान तेच दिसलं, हात तसाच चालला. त्या पान ओळखत नव्हत्या, जागा ओळखत होत्या. डोंगर बदललाय हे हाताला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी हे त्यांना समजावून सांगितलं. जरा उत्साहानंच सांगितलं असणार, कारण गाठ सुटली की मला बरं वाटतं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुला कवापासून ठाव हाय?"

"या पावसाळ्यात संशय आला. पानं मी काढून टाकत होते."

"मंग बोल्ली का नाय?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आनि धाकलीला सलाइन लागली, त्ये मना बरं वाटलं?"

मला राग आला. त्यांचा, माझा, त्या कांद्याचाही. पाऊस भुरभुरत होता आणि छत्री पिशवीतच राहिली होती. आईंनी खुडलेली सगळी भाजी उतारावर ओतून दिली, त्यात निम्म्याहून जास्त चांगली होती हे मला दिसत होतं, पिशवी झटकली आणि खाली उतरायला लागल्या. चढताना मागे पडलेली मी उतरताना त्यांच्या पुढे निघून गेले आणि परत मागे आले, त्यांचा पाय घसरेल म्हणून. त्यांनी माझा हात धरला नाही.

तो कांदा मी घरी आणून कुंडीत लावला. तो वाटीच्या फुलाचा आहे की त्याहून विषारी रानकांदा आहे, हे फुलल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि अजून तो फुललेला नाही. फोडशी नाही, एवढंच ठाऊक आहे. सकाळी दात घासताना मी तिथे जाऊन उभी राहते. आई त्या कुंडीला पाणी घालत नाहीत. काढून टाक, असंही म्हणत नाहीत.

डोंगर बंद झाला. नवऱ्याला वाटतं त्याच्या सांगण्यावरून झाला. बाजारात फोडशीच्या जुड्या येतात, जाऊ म्हणते आणू का, आई म्हणतात यंदा नको. सलाइनची गोष्ट जाऊ आता विनोदानं सांगते, आई तेव्हा उठून आत जातात. मला कोणी विचारलं, तर मी पुन्हाही हेच करेन. खोट्या खात्रीवर कोणाला जेवू द्यायचं नाही, हे माझं अजून ठाम आहे. तरी रात्री मधेच जाग येते आणि उतारावर ओतलेली ती भाजी दिसते.

आई आयुष्यभर सगळ्यांच्या मागून जेवल्या. सासरे होते तेव्हा, मुलं लहान होती तेव्हा, आम्ही सुना आल्यावरही. कितीही सांगा, म्हणायच्या, तुमचं होऊ द्या. आता मात्र घरात पालेभाजी शिजली की त्या आधी बसतात. मला वाढ म्हणतात. नवरा खूश आहे, म्हणतो, आईला वेळेवर भूक लागायला लागली. त्या तांदळाची भाकरी मोडतात, भाजी नीट खातात, पाणी पितात आणि तशाच बसून राहतात. आम्ही ताटं ओढली तर म्हणतात, "थांबा जरा, गरम हाय."

परवा मेथी होती. मी आणलेली, मीच निवडलेली. जाऊ, दीर, नवरा सगळे जमले होते. आईंनी खाल्लं आणि हात धुऊन भिंतीला टेकून बसल्या. दिरानं वाडग्याकडे हात नेला, तर त्यांनी तो आपल्याकडे ओढून घेतला.

"आई," मी हळूच म्हटलं, "मेथीच आहे. मी बघितलीय."

"ठाव हाय," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटले. आम्ही बोलत राहिलो, कशाबद्दल ते आठवत नाही. भाजी पार गार झाली. मग त्यांनी डोळे उघडले, पोटावरून एकदा हात फिरवला आणि वाडगा जावेच्या पुढे सरकवला.

"खावा आता," त्या म्हणाल्या.